डोक्याला बांधलेलं फडकं

त्या सकाळी पप्पांनी चरक सुरू केला नव्हता. पाटसला हायवेच्या कडेला आमची रसवंती आहे. उसाच्या चरकाला बांधलेले घुंगरू वाजायला लागले की आमच्या घरचा दिवस सुरू होतो. त्या दिवशी घुंगरू गप्प होते आणि मम्मी, पप्पा आणि मी बाकड्यावर एका ओळीत बसलो होतो, रस मागवून वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकांसारखे. पायाशी माझी बॅग. मी शिक्रापूरला निघाले होते, एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून.

शिक्रापूर म्हणजे काही परदेश नाही. चौफुल्याला गाडी बदलायची, भीमेवरचा पूल ओलांडला की दौंड तालुका संपून शिरूर लागतो, मग न्हावरे, तळेगाव ढमढेरे, आणि आलंच. माझ्याबरोबर शाळेत असलेल्या मुली जर्मनीत आणि कॅनडात आहेत. तिथले बर्फाचे फोटो टाकतात. त्यांच्यासमोर माझ्या या जाण्याला स्थलांतर म्हणायला मला अजूनही संकोच वाटतो. पण लग्न न करता घर सोडून राहायला निघालेली आमच्या घरातली मी पहिली मुलगी. त्यामुळे ते अंतर दिसत होतं त्यापेक्षा मोठं होतं.

"जमलं तर ऱ्हा," पप्पा म्हणाले. "पर तब्येत बिघडली तर पयल्या गाडीनं माघारी यायचं. त्यात हट्ट करायचा न्हाई."

शेजारी राहणारी आत्या निरोप द्यायला आली होती. तिनं लगेच जोडलं, "ती कशाला हट्ट करती? बोललं तर पायजे आधी. इंग्रजी शाळंत घातली आन् पोरगी मराठी बी बोलायची बंद झाली." सगळे हसले. मीही हसले. माझ्याबद्दलचा हा विनोद आमच्या गल्लीत इतका जुना आहे की तो मला नातेवाइकासारखा वाटतो.

गाडी येताना दिसली तेव्हा मम्मी उठली. चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी तिनं आधीच बॅगेत भरली होती. आता तिनं लिंबांच्या डब्यामागून गोळ्यांची एक पट्टी काढली आणि माझ्या हातात दिली. "डोकं दुखलं की एक घे. सोसत बसू नको." ते म्हणताना तिच्या स्वतःच्या कपाळावर फडकं बांधलेलं होतं.

त्या फडक्याबद्दल जरा सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्याशीच बांधलेलं आहे. आमच्याकडे बाईचं डोकं दुखायला लागलं की ती जुन्या सुती साडीची पट्टी चौघडी घालून कपाळावरून मागे नेते आणि गाठ करकचून आवळते. त्यानं ठणका दबतो म्हणतात. दुखण्याचं कारण नेहमी एकच, पित्त. उपास केला, पित्त. उन्हात उभं राहिलं, पित्त. जागरण झालं, पित्त. आणि एक न सांगितलेला नियमही आहे. फडकं बांधलेल्या बाईला कोणी काम सांगत नाही, काही विचारत नाही. पप्पांसारखा माणूससुद्धा, ज्याला आपली चप्पल कुठे आहे हेही मम्मीला विचारावं लागतं, तेवढ्या वेळापुरता स्वतः चप्पल शोधायचा. "तिचं डोकं बांधलंय, तिला बोलू नका," असं ते आम्हालाच दटावायचे. घरात तेवढी शांतता दुसऱ्या कशानंही होत नसे.

शिक्रापूरला मी आणि शीतल एका खोलीत राहतो. शीतल हिंगोलीची, माझ्याच कंपनीत पॅकिंगला. आमची रूम हायवेपासून एक गल्ली आत आहे, पण ट्रक गेला की खिडकीची काच थरथरते. पाटसलाही हायवेच होता, म्हणून मला वाटलं होतं की आवाजाची मला सवय आहे. तसं नव्हतं. घरी ट्रक जायचे तेव्हा मध्ये घुंगरू असायचे.

माझं काम बघण्याचं. गाड्यांना लागणारे प्लॅस्टिकचे पार्ट ट्यूबलाइटखाली धरायचे, मान खाली घालून भिंगातून बघायचं, चरा दिसला किंवा कडा वाकडी दिसली की लाल स्टिकर लावायचा. बोलावं लागणार नाही म्हणून मी हे काम आनंदानं घेतलं होतं. पण लाल स्टिकर लावला की लाइनवरून कोणीतरी यायचंच. "मॅडम, इतना तो चलता है ना." दुसरा कोणी आपल्याकडचा, "ओ मॅडम, भिंगातनं बघितल्यावर तर माणूस बी रिजेक्ट होईल की." मनात उत्तर तयार असायचं, इंग्रजीत तर फारच छान असायचं. तोंडातून काही निघायचं नाही. मी फक्त मान हलवायचे, तो पार्ट लाल ट्रेमध्येच ठेवायचे आणि दात आवळायचे. शिफ्ट संपेपर्यंत ते आवळलेलेच राहत.

दुपारनंतर डोकं धरायचं. ठणकत नसे, मळमळत नसे. कोणीतरी डोक्याभोवती पट्टा घालून तो हळूहळू एकेक भोक पुढे ओढतंय असं वाटायचं. दोन्ही बाजूंनी सारखंच, आणि मानेतून खांद्यापर्यंत उतरलेलं. मला ते ओळखीचं वाटलं. आमच्या घरचंच तर होतं, पित्त. मी मम्मीनं दिलेली गोळी घेतली आणि बरं वाटलं. पट्टी संपली तेव्हा मेडिकलमधून दुसरी आणली. मग शिफ्टला जायच्या आधीच चहाबरोबर घ्यायला लागले, म्हणजे दुखायलाच नको. तरी दुखायचं. आधी आठवड्यातून एखाद्या वेळी दुखायचं, पुढे रोज, उठल्या उठल्या.

संध्याकाळी मी ओढणी कपाळावर घट्ट बांधून बसायचे, मम्मीसारखी. पण इथे त्याचा अर्थ कोणाला लागत नव्हता. इकडे प्रत्येक मुलगी धुळीसाठी, उन्हासाठी, गाडीवर बसताना डोक्या-तोंडाला स्कार्फ बांधूनच फिरते. कंपनीच्या बसमध्ये आम्ही सगळ्या नुसत्या डोळ्यांच्या असतो. त्यात कोणाचं डोकं दुखतंय आणि कोणाचं नाही, हे कसं कळणार? शीतल मला विचारायची, "कुठं निघालीस का?" घरी जी खूण बघून सगळे गप्प व्हायचे, तिच्याकडे बघून इथे लोक गप्पा मारायला बसायचे.

मम्मीचा फोन रोज यायचा. "कशी हायस?"

"मस्त."

"जेवलीस?"

"हो."

"तब्येत?"

"एकदम मस्त."

पप्पांची अट मी विसरले नव्हते. डोकं दुखतंय एवढं एक वाक्य त्या फोनमधून पाटसला पोचलं असतं, तर दुसऱ्या दिवशी ते मला न्यायला आले असते. त्यांचा जीव आहे माझ्यावर म्हणूनच आले असते, आणि तेच अवघड होतं. आणि घरी गेल्यावर आत्यानं बघून ठेवलेलं स्थळ होतं. इकडे मात्र, त्या हलणाऱ्या खिडकीच्या खोलीत, दाराची एक किल्ली माझी होती आणि लाल स्टिकर लावायचा की नाही हे मी ठरवत होते. ते मला सोडायचं नव्हतं. म्हणून मी दुखणं लपवत होते. लपवण्यासाठीही दात आवळावेच लागतात, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

शेवटी शीतलनंच हात धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी घाई न करता विचारलं. उलट्या होतात का, नजर अंधुक होते का, ताप येतो का, हातापायाला मुंग्या, कधी एकदम विजेसारखं जोरात दुखलं का, डोक्याला मार? मी प्रत्येक वेळी मान हलवून नाही म्हटलं. यातलं काही असतं तर एक दिवसही थांबायचं नसतं, असं त्या म्हणाल्या. त्यांनी बीपी बघितलं, डोळ्यांत टॉर्च मारला. मग माझ्या मागे उभं राहून मानेच्या कडेला, खांद्यावर आणि कानापुढे जबड्यावर बोटांनी दाबलं. जबड्यावर दाबलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"गोळ्या किती घेतेस?"

मी शीतलकडे बघितलं.

"शेंगदाण्यासारख्या खाते, मॅडम," शीतल म्हणाली.

डॉक्टर हसल्या, मग गंभीर झाल्या. "हे पित्त नाही. आणि डोक्याच्या आत काही वाईट आहे असंही मला दिसत नाही. मानेचे, खांद्याचे, जबड्याचे स्नायू तू दिवसभर आवळून धरतेस, झोप आणि जेवण वेळेवर नाही, त्यातून हे सुरू झालं असणार. कधीमधी एक गोळी घेतली तर हरकत नाही. पण रोज घेतलीस की ती गोळीच उद्याचं दुखणं घेऊन येते. डोकं तिच्या वाटेकडे डोळे लावून बसतं. आता त्या बंद करायच्या. सुरुवातीला जास्त दुखेल, घाबरायचं नाही, माझ्याकडे यायचं."

मग त्यांनी मला निरखून बघितलं. "फारशी बोलत नाहीस ना?"

मला वाटलं, आता सुरू होणार. मोकळं व्हावं, बोलत जावं, तोंड उघडावं. लहानपणापासून प्रत्येक बाई, प्रत्येक सर, प्रत्येक पाहुणा हेच सांगत आलाय. पण त्या म्हणाल्या, "काही हरकत नाही. ओठ मिटलेले असू देत. फक्त आतले दात सुटे ठेव. जीभ सैल. दिवसातून आठवेल तेव्हा बघायचं, दात एकमेकांना लागलेत का."

गप्प राहायची परवानगी मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी दिली होती. तीही औषध म्हणून.

गोळ्या बंद केल्यावरचे दिवस वाईट गेले. मी रजा टाकली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. शीतल गरम पाण्यात टॉवेल पिळून मानेवर ठेवायची आणि स्वतःशीच अखंड बोलत राहायची, मला उत्तर द्यावं लागू नये म्हणून. मग एका सकाळी उठले आणि लक्षात आलं की डोक्याला काहीच वाटत नाहीये. डोकं आहे हेच मुळी आठवत नव्हतं. त्यानंतर कधी दुखलंच नाही असं नाही. पण आता ते येतं तेव्हा आधी कळतं. भिंगावरून मान वर करते, खांदे खाली सोडते, पाणी पिते, दात बघते. बहुतेक वेळा ते परत जातं. लाइनवरच्या माणसाला उत्तर देणं अजून जमत नाही. पण आता मान हलवण्याऐवजी मी भिंग त्याच्या पुढे सरकवते. तो स्वतः वाकून बघतो आणि पुटपुटत निघून जातो.

घरी यातलं काही सांगितलं नव्हतं. बरी झाले होते, मग सांगायचं कारणही नव्हतं.

उन्हाळ्यात सुट्टीला जोडून दोन दिवस घरी गेले. रसवंती भरलेली होती. पप्पा ऊस लावत होते, मम्मी ग्लास भरत होती, तिच्या कपाळावर फडकं होतं. आत्या लिंबं चिरत होती. मीही ग्लास विसळायला उभी राहिले. थोड्या वेळानं मम्मीनं लिंबांच्या डब्यामागे हात घातला, गोळी काढली आणि ग्लास भरून जगमध्ये उरलेल्या रसाबरोबर गिळली. दुपारी परत घेतली. तसलीच पट्टी, मला दिली होती तसली. ती डब्यामागे हात घालताना डब्याकडे बघतही नव्हती.

मला एकाएकी आमच्या घरातली ती सगळी वर्षं दिसली. मी शाळेतून यायचे तेव्हाचं फडकं. परीक्षेच्या दिवसातलं फडकं. नात्यातल्या लग्नांच्या फोटोंत मम्मीनं पदर कपाळापर्यंत का ओढून घेतलाय ते. हे सांगायला हवं होतं. पण सांगायचं तर मला ते कुठून कळलं हेही सांगावं लागणार होतं, आणि ते सांगितलं की पप्पांची अट होती. मी बराच वेळ एकच ग्लास विसळत राहिले. माझे दात आवळलेले होते. मी ते सोडले.

"मम्मी, ती गोळी रोज घेऊ नकोस."

"रोज कुठं? दुखलं तरच घेती."

"आणि दुखतं कधी?"

"रोज," ती म्हणाली, आणि स्वतःच हसली. "तुला काय ठावं गं त्यातलं?"

"डॉक्टर म्हणाल्या, रोज घेतली की गोळीनंच दुखतं."

"कोणाला म्हणाल्या?"

घुंगरू वाजत होते. "मला," मी म्हणाले.

पप्पांनी चरक बंद केला. अर्धा ऊस चरकात तसाच अडकून राहिला.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

"गेल्यापासून. आता बरंय."

"बघा," आत्या सुरी हातात धरून म्हणाली, "मी म्हणलं नव्हतं? पोरगी वाळून येणार."

पप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "बॅग आणलीया न्हवं? मग ऱ्हाऊ दे ती हितंच. कंपनीला फोन करून सांग."

माझ्या मनात इंग्रजी वाक्यं धावत आली आणि नेहमीसारखी दाराशीच अडकली. मग मराठीतलं एक आलं, आणि ते बाहेर पडलं.

"पप्पा, शिक्रापूरला गेले म्हणून माझं डोकं दुखलं असं असेल, तर मम्मीचं कशानं दुखतंय? ती तर कुठंच गेली नाही."

मम्मीचा हात नकळत कपाळावरच्या गाठीकडे गेला. पप्पा तिच्याकडे बघत राहिले. रोज बघतात तसं नाही. भिंगातून बघावं तसं. शेवटी बाकड्यावर बसलेले नेहमीचे एक टोपीवाले मामा म्हणाले, "पोरगी कवा बोलत न्हाई, पर बोलली ती बराबर बोलली, आप्पा. आता रस द्या, उन्हाचं आलोय." पप्पांनी चरक सुरू केला. पण त्या दिवशी ग्लास भरायलाही तेच उभे राहिले आणि मम्मीला आत जाऊन पडायला सांगितलं.

संध्याकाळी मी तिच्या मानेवर गरम टॉवेल ठेवला. तिचे खांदे हाताला लाकडासारखे लागत होते. तिनं फडकं सोडलं होतं, कपाळावर त्याचा वळ होता. डोळे मिटूनच ती म्हणाली, "तुला एक सांगू? कवा कवा दुखत नसतानाबी बांधती मी."

"का?"

"तेवढंच कोणी बोलवत न्हाई."

मी टॉवेल परत पिळून आणायला उठले, कारण मला तिथे बसवत नव्हतं. ती बडबडी, मी मुकी, असं आम्हाला सगळे म्हणत आले. पण आम्हा दोघींना हवं होतं ते एकच होतं. तिनं त्यासाठी डोकं बांधलं आणि मी शिक्रापूर गाठलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला दौंडला डॉक्टरांकडे नेलं. तिचं वय पाहता आणि दुखणं जुनं म्हणून त्यांनी जास्त तपासण्या केल्या. बीपी थोडं वाढलेलं निघालं, त्याचं औषध सुरू झालं. बाकी सगळं माझ्यासारखंच होतं, फक्त कितीतरी वर्षांचं. गोळ्या तिला एकदम नाही, त्यांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू सोडाव्या लागल्या. येताना गाडीत मी तिला दात सुटे ठेवायचं सांगितलं. पुढच्या सीटवरून पप्पा वळून म्हणाले, "दात सुटे म्हंजी? कवळी बसवायची का काय?" ती इतकी हसली की बाजूची बाईही हसायला लागली.

माझी बॅग हितंच राहणार की नाही, यावर पुन्हा कोणी बोललं नाही. निघायच्या दिवशी सकाळी मी उठले तर ती बाकड्यावर ठेवलेली होती. गाडी आल्यावर पप्पांनीच ती चढवली. खाली उतरता उतरता ते म्हणाले, "तब्येत बिघडली तर सांग."

माघारी ये, असं ते म्हणाले नाहीत. सांग, म्हणाले.

तुम्ही जर माझ्यासारख्या एखाद्या रूमवर राहत असाल, आणि घरून फोन आला की 'मस्त' म्हणत असाल, तर ते का म्हणता हे मला माहीत आहे. मला तुम्हाला शिकवायचं नाही. फक्त तो शब्द म्हणताना दात कुठे असतात ते एकदा बघा. आणि तुम्ही जे मागे राहिलात, चरकापाशी, शेतात, स्वयंपाकघरात, तुमचं दुखणं कुठे न गेल्यानं कमी ठरत नाही.

पूर्वी मला वाटायचं, घर म्हणजे जिथे डोक्याला फडकं बांधलं की लोकांना न सांगता कळतं. आता वाटतं, जिथे डोकं न बांधताही गप्प बसता येतं ते घर. तसं बघितलं तर शिक्रापूरची रूमही आता थोडी घर झाली आहे. शीतलला मी सांगून टाकलंय की संध्याकाळी अर्धा तास मी बोलणार नाही, रागावलेली नसेन. तिला ते पाळणं जड जातं, पण ती पाळते.

मम्मीही आता दुपारी अर्धा तास आत जाऊन बसते, कपाळ मोकळं ठेवून. आत्याला ते पटलेलं नाही. "दुखत न्हाई काय न्हाई, मग बसायचं कशाला?" असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते. मला सुट्टी असली की मम्मी त्याच वेळी फोन करते. जेवलीस का हे दुसरं असतं. पहिला प्रश्न, "दात सुटे हायेत का?"

"हो. तुझे?"

"हायेत."

मग आम्हाला दोघींनाही काही सांगायचं नसतं. फोन तसाच कानाला असतो. तिकडून पप्पांच्या चरकाचे घुंगरू ऐकू येतात, इकडे ट्रक गेला की काच थरथरते, ती तिला ऐकू जात असणार. मध्येच ती विचारते, "हायस का गं?"

"हाय," मी म्हणते.